पतंग बर्फावर नेण्याआधी : मुंबईतल्या भटक्यांना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सह्याद्रीत पाय घट्ट करून दर हिवाळ्यात हिमालयाची गाडी पकडणाऱ्या आणि आता सॅकमध्ये स्नोकाइटिंगचे, म्हणजे माणसाला बर्फावरून ओढत नेणारे, पतंग भरून निघालेल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. मुंबईतल्या गिर्यारोहण संस्थांनाही आहे, कारण ही मुलं तुमच्याच शिबिरांतून तयार झाली. पत्र लांबेल. वेळ काढून वाचा एवढीच विनंती.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या ट्रेक ग्रुपवर एक व्हिडिओ आला. जेमतेम सव्वा मिनिटाचा. लडाखमधलं एक गोठलेलं सरोवर, वर निळंशार आकाश, त्यात लाल-पांढरा पतंग आणि त्या पतंगाच्या ओढीने बर्फावरून सुसाट निघालेला आपल्यातलाच एक मुलगा. त्याला मी चांगली ओळखते. पहिल्यांदा आमच्याबरोबर राजमाचीला आला तेव्हा दहावीची परीक्षा नुकतीच आटपली होती आणि पायात शाळेचे बूट होते. त्याला असं वाऱ्यावर स्वार झालेलं बघून पहिल्यांदा ऊर भरूनच आला. मग पन्नासाव्या सेकंदाला पडद्याच्या उजव्या कडेला आठ-नऊ ठिपके दिसले. क्यांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं. चरत होते. एकाने मान वर केली, मग सगळ्यांनी केली. पतंग त्यांच्या बाजूला झुकला तसे ते पळत सुटले. कळपाच्या मागे सहा-सात महिन्यांचं एक शिंगरू होतं, ते बर्फात दोनदा अडखळलं. कॅमेरा त्यांच्याकडे वळला आणि आपला मुलगाही वळला, त्यांच्या बरोबरीने जाऊ लागला. व्हिडिओ संपेपर्यंत ती जनावरं पळतच होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘नाद खुळा’, ‘घोड्यांशी रेस’.

मी त्याला फोन केला. तो काही लपवालपवी करणाऱ्यातला नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, तिथे आम्हाला कोणी अडवलंच नाही.”

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

आधी एक सांगते. या खेळाच्या विरोधात मी नाही. मी स्वतः तो खेळले आहे. नोकरीच्या निमित्ताने दोन हिवाळे नॉर्वेत बर्गनला काढले, तेव्हा शनिवारची पहिली गाडी धरून वर पठारावर जायचे. बर्गन ते ऑस्लो ही रेल्वे डोंगर ओलांडून जाते. त्या वाटेवर फिन्से नावाचं स्टेशन आहे, १,२२२ मीटर उंचीवर, त्या देशातलं सगळ्यांत उंच. त्याच्या अलीकडे-पलीकडे स्नोकाइटिंग शिकवणाऱ्या शाळा आहेत. दक्षिणेला हार्डांगरविड्डाचं पठार पसरलेलं. नजर पोचेल तिथवर पांढरं, झाड नाही, तार नाही, खांब नाही. पायात स्की, कमरेला हार्नेस, हातात दांडी, वीसेक मीटर लांब दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला कापडाचा फुगलेला पंख. दांडी ओढली की ताकद वाढते, ढकलली की कमी होते. आपण संक्रांतीला गच्चीवर ढील देतो, खेच घेतो, तेच. फरक इतकाच की इथे पतंग आपल्याला घेऊन जातो. पहिल्या दिवशी मी दहा-बारा वेळा तोंडावर आपटले. चौथ्या दिवशी पाठीमागून वारा आला, पतंग डोक्यावर स्थिरावला आणि मी किलोमीटरभर एकही शब्द न बोलता, एकही पाऊल न उचलता गेले. तो आनंद मला ठाऊक आहे. तो तुम्हाला मिळू नये असं मी का म्हणेन?

पण त्याच पठारावरची दुसरी एक दुपार सांगते.

आम्ही पाच जण होतो आणि शिकवणारी एक बाई. वारा छान लागला होता. मध्येच तिने पतंग खाली आणला आणि हात आडवा करून आम्हालाही खुणावलं. आम्हाला वाटलं कोणी पडलं. तिने दूरवरच्या उतारावर बोट दाखवलं. करड्या रंगाचा एक पट्टा दिसत होता, खडक असावेत तसा. दुर्बीण डोळ्याला लावली तेव्हा कळलं, रेनडिअर आहेत. सगळ्यांच्या माना आमच्याकडे. एकही चरत नव्हता. अंतर किलोमीटरहून जास्तच असेल. आम्ही पतंग जमिनीवर आडवे टाकले, कापड फडफडू नये म्हणून त्यावर फावड्याने बर्फ लोटला आणि पाठ करून बसलो. बोटं बधिर झाली. अर्ध्या तासाने पहिल्या जनावराने मान खाली घातली आणि खुराने बर्फ उकरायला सुरुवात केली. खाली दगडफूल असतं, तेच त्यांचं हिवाळ्यातलं अन्न. मग दुसऱ्याने मान घातली. सगळा कळप पुन्हा चरायला लागेपर्यंत तिने आम्हाला उठू दिलं नाही. आणि उठलो तेही पतंग गुंडाळून, स्कीवर पायी, आल्या वाटेने परत.

संध्याकाळी तिने चहाच्या टेबलावर नकाशा पसरला. पठाराचा मोठा भाग १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, ३,४२२ चौरस किलोमीटर. आपल्या बोरिवलीसारखी तेहतीस उद्यानं त्यात मावतील. युरोपातल्या रानटी रेनडिअरचा सगळ्यांत मोठा कळप तिथे राहतो. नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे की पडीक रानामाळावर, जमीन कोणाचीही असो, कोणालाही चालायचा, स्की करायचा हक्क आहे. इतका मोकळा देश. तरीही रेनडिअरपायी तिथल्या काही राष्ट्रीय उद्यानांत पतंगावर बंदी आहे किंवा मर्यादा आहेत. मी विचारलं, स्कीवाल्याला चालतं मग पतंगवाल्याला का नाही? ती म्हणाली, स्कीवाला एका वाटेने येतो, हळू येतो आणि जनावराला तो कळतो. पतंग कुठूनही येतो आणि आभाळातून येतो. पुढे समजलं की तिकडच्या संशोधकांनी हे मुद्दाम तपासून पाहिलं आहे. एकदा स्कीवाला आणि एकदा पतंगवाला रेनडिअरच्या दिशेने पाठवून नोंदी घेतल्या, तर पतंगवाल्याला बघून जनावरं जास्त लांबूनच बिथरली.

हिवाळ्यातल्या जनावराचा हिशेब आपल्या डोक्यात बसत नाही, कारण आपण डबा घेऊन जातो. त्याच्याकडे असते ती उन्हाळ्यात अंगावर चढलेली चरबी. पुढचे महिने त्यावर आणि बर्फाखालच्या चार काड्यांवर काढायचे. मादी बहुधा गाभण असते. एकदा पळालं तर मरत नाही, पण तेवढी शिल्लक खर्च होते आणि ती वसंतापर्यंत भरून निघत नाही. आज तुम्ही, उद्या दुसरा ग्रुप, परवा तिसरा, प्रत्येकाला वाटतं आपण एकदाच तर गेलो. आल्प्समध्ये ग्राऊस नावाचे पक्षी थंडीत बर्फात बोगदा करून दिवसाचा बराच वेळ आत निजून असतात, ऊब राहावी म्हणून. स्कीवाला जवळून गेला की ते भर्रकन उडतात. उघड्यावर, उणे पंधरात. आपल्याला दिसतो फक्त सुंदर उडालेला पक्षी.

लडाखात ही गोष्ट आणखी बिकट आहे. पँगाँग सरोवर सव्वाचार हजार मीटरवर आहे, त्सो मोरिरी सरोवर त्याहूनही वर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश दाट. म्हणजे इथे मांडव्याच्या किनाऱ्यावर जेवढ्या वाऱ्याला आठ मीटरचा पतंग पुरतो, तिथे तेवढ्याच वाऱ्याला बारा मीटरचा लागतो. दीडपट कापड, दीडपट सावली. आणि वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे तुम्हाला शिबिरात सांगितलंच असेल. विरळ हवेत मोठा पतंग लावलेला असताना अचानक झोत आला तर दांडी सोडायलाही वेळ मिळत नाही. तिथे कोणी जखमी झालं तर धावून येणार कोण? जवळच्या गावातली माणसं, नाहीतर लष्कराची तुकडी. त्यांच्या थंडीच्या दिवसात आपण भर घालायची?

पतंग पक्ष्याचं काय करतो हे तर आपल्याला नॉर्वेला जाऊन शिकायची गरजच नव्हती. आमच्या मुलुंडच्या कॉलनीत एक जुनं पिंपळाचं झाड आहे. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वरच्या फांदीवर एक गव्हाणी घुबड उलटं लटकलेलं दिसलं. पंखात मांजा. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिडी लावून उतरवलं. मी खालून टॉवेल धरला होता. पंखाच्या सांध्यापाशी मांजा हाडापर्यंत गेला होता आणि ते पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड माझ्या हातावर टेकून ते चोचीने टक् टक् असा आवाज करत होतं. नायलॉनच्या मांजावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत तो मिळतोच. कुणालाही विचारा, घुबड कापायला म्हणून कोणी पतंग उडवत नाही. उडवणाऱ्याला ते दिसतच नाही, तो वर बघत असतो.

स्नोकाइटच्या दोऱ्या मांजासारख्या काचेच्या नसतात, मान्य. पण त्या ताणल्या की सुरीसारख्या होतात आणि पांढऱ्या बर्फावर दिसत नाहीत. तुटलेला तुकडा शोधून परत आणलात का, हा प्रश्न मी त्या मुलालाही विचारला. तो गप्प झाला.

आता कायद्याचं. ‘कोणी अडवलं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ उघडून पाहिला आहे? कलम २७ सांगतं की अभयारण्यात शिरण्याचा हक्क मोजक्या लोकांना आहे; बाकी सगळ्यांनी परवाना घ्यायचा. कलम २८ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षक हा परवाना कशासाठी देऊ शकतात : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसांशी कायदेशीर व्यवहार. कलम ३५ मधून हेच नियम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. आणि २७ मध्येच स्पष्ट लिहिलं आहे की वन्यप्राण्याला छळायचं नाही, कचरा टाकायचा नाही. क्यांगच्या कळपाबरोबर शर्यत लावणं यात बसतं की नाही, हे सांगायला वकील लागत नाही. त्सो मोरिरीचा परिसर चांगथांग अभयारण्यात येतो, २००२ पासून तो रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची पाणथळ जागाही आहे. लडाखात मैलोन्‌मैल ना कुंपण ना फाटक, म्हणून ते मोकळं वाटतं. नकाशावर ते मोकळं नाही.

एक गोष्ट मला यात फार टोचते. आपल्या कायद्यात एखादी जागा राष्ट्रीय उद्यान झाली की तिथे गुरं चारायला बंदी येते. ज्याच्या बापजाद्यांनी त्या कुरणावर शेळ्या-मेंढ्या वळल्या त्याला कायदा सांगतो, आता नाही. बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवर वीज आणि नळाचं पाणी मागता मागता एक पिढी म्हातारी झाली. त्यांना प्रत्येक गोष्टीत कायदा आडवा येतो. आणि आपण दादर-ठाण्याहून विमानाने जातो, दोन लाखांचं सामान घेऊन, त्याच जमिनीवर बारा मीटरचं कापड आभाळात चढवतो आणि म्हणतो, कोणी अडवलं नाही. अडवलं नाही कारण तिथला वनरक्षक एकटा आहे, त्याच्या वाट्याला शेकडो चौरस किलोमीटर आहेत आणि फेब्रुवारीत त्याच्या जीपचं डिझेल गोठतं.

दार उघडं असतं तेव्हा आपल्याला त्याची किंमत कळत नाही. मी ज्या दोन दारांच्या गोष्टी सांगणार आहे, त्यातलं पहिलं माझ्या लहानपणीच बंद झालं.

उत्तराखंडातल्या नंदादेवी शिखराचं आतलं खोरं. १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन या ब्रिटिश गिर्यारोहकांनी ऋषीगंगेच्या घळीतून तिथे जायची वाट शोधली, दोन वर्षांनी शिखर सर झालं. १९७४ नंतर तिथे मोहिमांची रीघ लागली. तळावर डबे, दोर, प्लास्टिक साचलं. चुलीसाठी भूर्जाची झाडं तुटली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि पाठोपाठ खोऱ्याचं दार लागलं. गिर्यारोहकांना लागलं तसं मेंढपाळांनाही लागलं. पायथ्याची लाता आणि रेणी ही गावं. रेणी म्हणजे १९७४ च्या चिपकोचं गाव, जिथे बायकांनी झाडांना मिठ्या मारून कुऱ्हाडी परतवल्या. जंगल वाचवलं त्यांनी, घाण केली मोहिमांनी, आणि हमाली-वाटाड्याची कमाई व कुरणं दोन्ही गेली ती या गावांची. चाळीस वर्षं ती वाट बंद राहिली. आपल्या पिढीच्या कितीतरी चांगल्या गिर्यारोहकांनी नंदादेवी फक्त औलीच्या उतारावरून पाहिली आहे.

दुसरं दार तर आपल्या डोळ्यांदेखत लागलं. रूपकुंड, उत्तराखंडातलंच उंचावरचं सरोवर. मुंबई-पुण्यातून दर मे-जूनमध्ये किती बॅचेस जात होत्या, आठवा. वाटेत ‘आली’ आणि ‘बेदनी’ नावाची बुग्यालं, म्हणजे हिमालयातली उंचावरची हिरवी कुरणं. मी २०११ मध्ये बेदनीला तंबूबाहेर पहाटे उभी होते, समोर त्रिशूळ शिखर लाल होत होतं आणि पायाखाली गवत इतकं मऊ की बूट काढावेसे वाटले. चार वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा तंबूंच्या रांगा होत्या, शौचालयासाठी खणलेले खड्डे होते आणि खेचरांच्या टापांनी उघडी पडलेली माती. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, पर्यटकांचा आकडा दोनशेवर आणला. आपण काय केलं? हळहळलो आणि केदारकंठाला जायला लागलो. केदारकंठा गोविंद अभयारण्याच्या परिसरात आहे हे तिथे जाणाऱ्यांपैकी कितींना माहीत असतं? आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यातला पहिला बर्फ तिथे पाहिला, नैटवाडच्या नाक्यावर पावती फाडली आणि ती कशाची पावती ते वाचलं नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांकरीहून वर जाणारी रांग बघून मला बेदनी आठवते.

म्हणून म्हणते, पतंगाचं दार अजून धड उघडलेलंही नाही, ते तुमच्या हाताने लावू नका. देशात हा खेळ खेळणारे अजून थोडे आहेत. त्यामुळे पहिल्या दहा जणांनी जे केलं त्यावरून वनखात्याचं मत बनणार आहे. त्या सव्वा मिनिटाच्या व्हिडिओवर कोण्या अधिकाऱ्याची नजर पडली तर तो एका ओळीचा आदेश काढेल, आणि तो काढला तर मी त्याला दोष देऊ शकणार नाही.

वनखात्यातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही दोन शब्द. विचारायला येणाऱ्याला तुमच्याकडे नीट उत्तर मिळत नाही. मी स्वतः एका संरक्षित क्षेत्राच्या कार्यालयात पतंगाबद्दल विचारायला गेले होते. अर्जावर ट्रेकिंग होतं, छायाचित्रण होतं, संशोधन होतं. पतंगाला रकाना नव्हता. साहेब म्हणाले, “असं काही नसतं.” मी म्हटलं, मग लेखी नाही म्हणा. तेही नाही. तीन तास बसून मी जशी गेले तशी परत आले. माझ्या जागी पंचविशीतला मुलगा असता तर पुढच्या वेळी विचारायलाच गेला नसता. जिथे खेळ चालणारच नाही तिथे स्पष्ट बंदी लिहा, नकाशावर रंगवा आणि कारण द्या. आम्ही ती पाळू आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावू. जिथे चालू शकतो, एखाद्या मोटाररस्त्यालगतचं सरोवर, एखादा आधीच वापरातला उतार, तिथे दिवस, संख्या आणि महिने ठरवा. हे अशक्य नाही. अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यांवर बहिरी ससाणे घरटी करतात तेव्हा मार्च ते जुलै काही चढाईचे मार्ग बंद ठेवतात, घरटं रिकामं झालं की उघडतात, आणि गिर्यारोहक हे ऐकतात. आपल्याकडे कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज ३,००० माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करून जावं लागतं. बोरिवलीत सकाळी फिरणाऱ्यांना पास आहे, शिलोंड्याच्या वाटेवर वाटाड्यासह नेतात. म्हणजे खात्याला हे जमतं. हेमिसच्या राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांत हिमबिबट्या बघायला आलेले लोक गावकऱ्यांच्या घरीच राहतात, गावचाच माणूस दुर्बीण घेऊन पुढे चालतो. पतंगवाल्यांनाही असंच कोणाच्या तरी ताब्यात द्या.

मुलुंडकर म्हणून आणखी एक सांगते. २००४ मध्ये आमच्या या जंगलाच्या कडेने बिबट्यांच्या हल्ल्यांत किती माणसं गेली, त्या वर्षी संध्याकाळी सातनंतर आम्ही मुलांना खाली सोडत नव्हतो. तेव्हा सगळे म्हणत होते, पकडा आणि लांब नेऊन सोडा. हळूहळू कळलं की बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांनी गोंधळ वाढतो, आणि उघड्यावरचा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री, अंधारात एकटं सोडलेलं मूल, हे आपल्या हातातलं आहे. वनखातं, अभ्यासक आणि सामान्य मुंबईकर एकत्र बसले, सोसायट्यांतून फिरले. आज आमच्या कॉलनीच्या भिंतीवर बिबट्या दिसला तर लोक दिवा लावतात, आवाज करत मागे सरतात, गर्दी करत नाहीत. वॉचमनलाही हे पाठ आहे. सव्वादोन कोटींच्या महानगरात हे झालं. त्याच गावचे तुम्ही आहात. क्यांगपासून किती लांब राहायचं हे तुम्हाला न कळण्यासारखं नाही.

तर जायचं असेल तर असं जा. कुठे जाणार ते आधी ठरवा आणि ती जागा कुठल्या अभयारण्यात किंवा उद्यानात येते ते शोधा. येत असेल तर लेखी परवाना आल्याशिवाय तिकीट काढू नका. नाही म्हणाले तर जाऊ नका, बाहेरच्या जागा भरपूर आहेत. पोचल्यावर पहिला दिवस पतंग न उघडता गावातल्या माणसाबरोबर चाला. जनावरं कुठे चरतात, कुठून पाण्याला येतात, बर्फ कुठे पातळ आहे, हे त्याला माहीत असतं आणि तुमच्या फोनला नसतं. त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्या. पतंग उघडण्याआधी चारी बाजूंना दुर्बिणीने पाहा. तुमच्यातला एक जण कायम जमिनीवर असू द्या, पतंग न उडवता फक्त बघत. कुठल्याही जनावराने चरायचं थांबून मान वर केली की तिथेच पतंग खाली. ते पळाल्यावर नव्हे, मान वर झाल्यावर. कापडावर बर्फ लोटा आणि बसून राहा. सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा प्रहर त्यांचा आहे. कड्याआडून, वळणाआडून अचानक समोर याल अशा जागी उडवू नका. ड्रोन घरी ठेवा. हगणदारीबद्दल संकोच न करता बोलते : बर्फात पुरलेलं काही नाहीसं होत नाही, मे महिन्यात ते वितळून खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात जातं. पिशवीत भरून परत आणायचं. मी आणलं आहे, त्यात लाज नाही. आणि निघताना दोऱ्या मोजा.

व्हिडिओ टाकायचा तर टाका, पण त्यात जागेचं नाव नको आणि पळणारं जनावर तर मुळीच नको. चुकून आलंच असेल तर तो तुकडा कापून वाहवा मिळवू नका, वनखात्याला कळवा की असं घडलं. त्या मुलाने फोन ठेवताना विचारलं, “ताई, डिलीट करू का?” मी त्याला सांगितलं की काढ, पण आधी काय झालं ते चार ओळींत लिही आणि ग्रुपवर टाक. त्याने लिहिलं. चारच्या चौदा ओळी झाल्या. शिंगरू अडखळलं हे त्याला तिथे दिसलंच नव्हतं, असं त्याने लिहिलं आहे. त्याची नजर वर होती.

संस्थांकडे माझी मागणी एकच आहे. तुमच्या शिबिरांत गाठी, ‘बिले’ म्हणजे चढणाऱ्याला दोराने सांभाळणं, प्रथमोपचार शिकवता, तसा अर्धा दिवस कायदा आणि जनावरं यांच्यासाठी ठेवा. शिकवायला मी येईन, फुकट येईन.

आणि ज्यांना येत्या हिवाळ्यात जायचं आहे त्यांच्यासाठी : संक्रांत झाल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी आमच्या कॉलनीच्या त्या पिंपळाखाली बसणार आहे. पत्ता ग्रुपवर आहे. लडाख आणि हिमाचलचे अभयारण्यांच्या हद्दी आखलेले नकाशे छापून आणते आहे, कलम २८ च्या परवान्यासाठी अर्जाचा मसुदाही लिहून ठेवला आहे. तो मुलगाही येणार आहे. पहिला अर्ज त्याच्याच नावाने भरायचा असं आमचं ठरलं आहे. येताना झाडांत अडकलेला मांजा उतरवायला एक लांब काठी घेऊन या.

तुमची,
मुलुंडची एक भटकी